बहिणीच्या घरची हिरवी तार

गल्लीत त्याला सगळे बटण म्हणत. नाव पाडलं थोरल्या बहिणीनं. लहानपणी दिसेल ते बटण दाबल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. पुढे तो वायरमन झाला, मिशा पांढऱ्या झाल्या, पण नाव काही सुटलं नाही. हात मात्र चोख. बटणनं केलेला सांधा वीस वर्षं हलत नाही, असं लोक म्हणायचे आणि तोही ते खुशाल ऐकून घ्यायचा.

ताईचं घर बांधलं तेव्हा वायरिंग त्यानंच केलं. वीज आणणारी आणि परत नेणारी अशा दोन तारा कुणीही ओढतो. तिसऱ्या, हिरव्या तारेकडे मात्र अनेक जण कानाडोळा करतात. ती नसली तरी दिवा लागतो, पंखा फिरतो. पण यंत्रातल्या एखाद्या तारेचं आवरण झिजून वीज पत्र्यात उतरली, की ती वीज जमिनीत वाहून न्यायला हीच तार लागते. तिच्यातून एकदम मोठा प्रवाह धावतो, फ्यूज वितळतो आणि यंत्र बंद पडतं. बटणनं ती तार न्हाणीघरातल्या लोखंडी नळाला घट्ट आवळली. नळ जमिनीतून आलेला. तेव्हा सगळेच तसं करत. त्यानं तपासून पाहिलं, जोडणी पक्की होती.

अठरा वर्षांनी, एका मंगळवारी ताईचा फोन आला. कपडे धुवायच्या मशीनला हात लागला की मुंग्या येतात, म्हणाली. तो एका दुकानात शिडीवर होता, दातांत दोन स्क्रू धरलेले.

"चप्पल घालून लाव. रविवारी येतो," तो म्हणाला.

शुक्रवारी सकाळी ती गेली. ओली फरशी, अनवाणी पाय. दाजी भाजी घेऊन घरी आले तेव्हा मशीन फिरतच होती. त्यांनी आधी मेन स्विच पाडला, मगच बायकोला हात लावला. बटणनं कधीतरी सांगितलेलं तेवढं त्यांना त्या क्षणीही आठवलं. उपयोग झाला नाही.

निरीक्षक येऊन गेले. मशीन सदोष, असा कागद झाला. शेजारी विचारत, मग फ्यूज कसा गेला नाही? बटणला ठाऊक होतं. फ्यूज वितळायला कित्येक अँपिअर लागतात. हृदय थांबायला एका अँपिअरचा दहावा भागही पुरतो. फ्यूज तारा पेटू नयेत म्हणून असतो. माणूस त्याच्या खिजगणतीत नसतो.

तरी हिरवी तार असताना पत्र्यात वीज राहिली कशी, हे त्याला छळत होतं. आठव्या दिवशी तो एकटाच न्हाणीघरात गेला. तार शाबूत, पकड घट्ट. मग त्यानं बाहेर जाऊन भिंतीलगतचा नळ पाहिला. गुडघ्याएवढ्या उंचीपासून खाली तो पांढरा प्लास्टिकचा होता. प्लास्टिकमधून वीज जमिनीत जाणार कशी? दोन वर्षांपूर्वी प्लंबरनं गंजलेला भाग बदलला, त्या दिवशी बटण इथंच जेवायला होता. नळाखाली हात धरून त्यानंच म्हटलं होतं, आता पाण्याला चांगला जोर आला.

कागद झालेला होता. तो गप्प बसला असता तर कुणाला काही कळलं नसतं. तो आत गेला आणि दाजींच्या समोर बसला.

"दाजी, दोष एकट्या मशीनचा नाही. तार मी नळाला बांधली होती. नळ बदलला ते मी डोळ्यांनी पाहिलं. आणि तिचा फोन आला तेव्हा मशीनला हातच लावू नकोस म्हणायला हवं होतं. ते मी म्हणालो नाही."

"मी तिला म्हणत होतो, दुसऱ्या कुणाला बोलावू," दाजी म्हणाले. "ती म्हणाली, भाऊ असताना परका कशाला." मग उठून त्यांनी दार उघडलं. "आता जा तू."

बटणनं जुन्या वह्या काढल्या. नळाला तार बांधलेली अडतीस घरं निघाली. तो एकेका दारात जाऊन उभा राहिला. कुणाला वाटलं काम मागायला आलाय, कुणाला वाटलं बहिणीच्या दुःखानं डोकं फिरलंय. सात जणांनी आत घेतलं नाही. एकोणीस घरांत नळ प्लास्टिकचा झालेला होता. तिथं त्यानं अंगणात खड्डा खणून तांब्याचा पत्रा पुरला, हिरवी तार त्याला जोडली, आणि वीज जरा कुठं गळली तर क्षणात सगळं बंद करणारा स्विच बसवला. प्रत्येक ठिकाणी सांगितलं, चूक माझी होती. आपली चूक दारोदार सांगत फिरणाऱ्याला नवं काम कोण देणार? हळूहळू फोन यायचे थांबले.

दाजींच्या घरामागे खड्डा खणायला तो न विचारताच गेला. दाजी खिडकीतून बघत होते. माती ओली करायला पाणी हवं होतं. दाजींनी एक बादली आणून ठेवली आणि ते आत गेले. कडी लागली. तार आत नेऊन जोडायची राहिली; तिचं वेटोळं भिंतीला टांगून बटण परतला.

तीन आठवड्यांनी शेजारणीकडून दाजींचा निरोप आला: मी घरी नसताना ये, किल्ली हिच्याकडे आहे.

तो गेला. मेन पाडून, रिकाम्या घरात संध्याकाळपर्यंत काम केलं. मशीन तिथं नव्हती. फरशीवर तिच्या चार पायांचे गंजलेले डाग होते. जाताना त्यानं किल्ली शेजारणीच्या हातात दिली. तिनं पाणी विचारलं. तो नको म्हणाला.