ओल्या फ्लेक्सवरचा चेहरा

आकाराम मूळचा मुरगूडचा, पण कोल्हापुरात फ्लेक्स छापायला लागल्यापासून गाव त्याला जत्रेपुरतं उरलं होतं. नेमगोंडा पाटलांच्या दुकानात मोठ्या मशीनवर तो एकटाच असायचा. वाढदिवस, निवडी, दहावीचे गुणवंत, श्रद्धांजली. निम्म्या शहराचे चेहरे त्याच्या हाताखालून सरकत जायचे. बोलायला तुटक माणूस, पण चेहऱ्यावर एक पांढरी रेघ उमटली तरी तो तुकडा गिऱ्हाइकाला देत नसे. बिघडलेला फ्लेक्स गोठ्यावर टाकायला लोक मागून न्यायचे. त्यात श्रद्धांजलीचा बोर्ड असला, तर आकाराम आधी त्यातला चेहरा कापून घ्यायचा. "गेलेल्या माणसावर शेण पडाय नको," एवढंच म्हणायचा.

त्या दिवशी सकाळपासून पावसाची झड लागली होती. पेठेतल्या तालमीचा राजवर्धन भिजलेल्या रेनकोटातच आत आला.

"आकारामदा, वस्ताद गेलं."

बाळासो वस्ताद म्हणजे तालमीत दोन पिढ्यांकडून जोर-बैठका काढून घेतलेला माणूस. त्यांचं घर आकारामच्या समोरचंच. मूलबाळ नाही. आजारपणात दवाखान्यात त्यांच्यापाशी बायको शालूबाई एकट्याच बसून होत्या. आकारामनं त्यांनाच फोन लावला.

"कोण, भावजी?" शालूबाईंचा आवाज थकलेला, पण सरळ होता. "हाय तसंच हाईत. मगाशी हाक मारली तर पापणी हलिवली की. तुमी जेवला न्हवं?"

फोन ठेवून आकाराम राजवर्धनवर कडाडला. "अरे, जित्ता हाय माणूस!"

"ग्रुपवर पडलंय की."

"ग्रुपवर पडलं म्हणून माणूस मरतोय व्हय रं?"

राजवर्धन वरमला, पण हलला नाही. "आजचा दिवस जात न्हाई म्हणं. छापून ठेवाय काय हुतंय? मागच्या टायमाला आपल्याच माणसाचा बोर्ड खालच्या तालमीनं आपल्याआधी लावला. वरीसभर टोमणं खाल्लं आमी. तुमी देत नसला तर दुसरीकडं जातो."

दुकानाचे मालक नेमगोंडा गल्ल्यावरून म्हणाले, "छाप आणि ठेव आकाराम. पक्की खबर आल्याबिगर बोर्ड हितनं हलणार न्हाई. ऐकलंस न्हवं, राजवर्धन?"

आकारामला नाही म्हणायचं होतं. पण दुसऱ्या दुकानातून बोर्ड तासाभरात चौकात गेला असता, आणि घर गाठणाऱ्या शालूबाईंना नवऱ्याच्या मरणाची बातमी त्या बोर्डानं दिली असती. आपल्या हाताखाली असला तर आपण अडवू, असं मनाशी धरून त्यानं रोल चढवला.

मशीन सुरू झालं आणि माल कुरकुरायला लागला. पावसाळ्यात रोल भिंतीला टेकून उभा राहिला होता, त्यानं ओल धरली होती. कडेला लाटा उठल्या. त्या लाटांवर छपाईचं हेड घासलं आणि वस्तादांच्या कपाळावर काळा ओरखडा उठला. आकारामनं मशीन थांबवलं, तेवढा चेहरा कापून बाजूला ठेवला. दुसऱ्यांदा शाईच धरेना. गालावर रंग पसरला, मिशी खाली ओघळल्यासारखी झाली.

"तोंड धुवून बसल्यागत दिसालंय," राजवर्धन म्हणाला.

"गप बस, न्हायतर भाईर हो."

इथं थांबता आलं असतं. माल खराब आहे, छपाई होत नाही, असं सांगून मोकळं होता आलं असतं. ते आकारामच्या मनात येऊनही गेलं. पण बिघडलेला चेहरा समोर टाकून उठणं त्याला कधी जमलंच नव्हतं. रोलचे वरचे ओले वेढे त्यानं कापून टाकले. उरलेला फ्लेक्स हाताची उलटी बाजू फिरवून तपासला, पंख्याखाली पसरून सुकू दिला. मग पुन्हा चढवताना कड सरळ धरली, हेड थोडं वर घेतलं, हीटर वाढवला, वेग निम्म्यावर आणला. त्या खटाटोपात तो इतका बुडाला, की आपण काय छापतोय हे त्याच्या लेखी काही वेळ उरलंच नाही. उरला होता फक्त हट्टी माल आणि तो.

तिसऱ्या खेपेला वस्ताद सावकाश उतरत आले. आधी फेटा, मग कपाळ, मग ते किंचित हसरे डोळे. एकही रेघ नाही. फोटोभोवती झेंडूचा हार, वर मोठ्या अक्षरात 'भावपूर्ण श्रद्धांजली'.

"जित्तं दिसत्यात," राजवर्धन हळूच म्हणाला आणि फोन आला म्हणून बाहेर पडला.

हवा दमट, शाई ओली. असा फ्लेक्स गुंडाळला की चेहरा पाठीला चिकटतो. आतल्या दोऱ्या आधीच भरलेल्या होत्या. आकारामनं रोजच्या सवयीनं बोर्ड दुकानापुढच्या पत्र्याखाली, आडव्या गजाला लटकवला. छापलेली बाजू भिंतीला लागता कामा नये, म्हणून तोंड रस्त्याकडं. आणि तो आत हेड पुसायला बसला.

बाहेर रिक्षा करकचून थांबली. कुणीतरी उतरल्याचा आवाज झाला. मग दगडावर काच फुटल्याचा आवाज आला.

आकाराम बाहेर धावला. शालूबाई दुकानाच्या पायरीवर बसल्या होत्या. वस्तादांचे धुतलेले कपडे न्यायला त्या याच रस्त्यानं घरी निघाल्या होत्या. पदरानं कपाळ पुसून झालं होतं. पायरीच्या कडेवर एका हाताच्या बांगड्या फुटल्या होत्या, दुसरा हात उचललेला होता.

"वहिनी! वहिनी, थांबा! न्हाई गेलं वस्ताद!"

दुसरा हातही खाली आला.

"मी आत्ताच तर उठून आले," त्या कुणाला तरी सांगावं तशा म्हणाल्या. "पाणी पाजून आले. माज्या आदी तुमास्नी कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई सांगितलं. जित्तं हाईत. ह्यो... ह्यो नुसता वाळाय टाकलाय."

"वाळाय?" शालूबाईंनी मान वर करून बोर्डाकडं पाहिलं. पायापाशीचे काचेचे तुकडे पाहिले. "मग आता मी हे काय करून बसले, भावजी?"

नेमगोंडांनी दवाखान्यात फोन लावून खात्री केली, वस्ताद अजून जिवंत होते. आकारामनं बोर्ड ओढून खाली घेतला. ओली शाई त्याच्या हातांना, सदऱ्याला फासली गेली. त्यानं तो तसाच चुरगळून आत फेकला आणि शालूबाईंना रिक्षात घातलं.

दवाखान्याच्या जिन्यात त्या थांबल्या. "ह्या हातानं कशी जाऊ आत? ते हात धरत्यात माजा. दिसत न्हाई नीट, पर बांगड्या चाचपून वळखत्यात."

आकाराम पावसातून रस्त्यापलीकडं पळाला. पहिल्याच दुकानात हिरव्या बांगड्या मागितल्या. "माप काय?" बाईनं विचारलं. इतकी वर्षं समोर राहून शालूबाईंच्या हाताचं माप त्याला कुठून ठाऊक असणार? त्यानं अंदाजानं दाखवलं. बाई त्याच्या काळ्या-लाल हातांकडं बघत राहिली.

बांगड्या लहान निघाल्या. शालूबाईंनी अंगठा आत दुमडून जोर लावला, आधीच चिरलेल्या हातातून पुन्हा रक्त आलं, पण बांगडी अंगठ्याच्या हाडाला अडली ती अडलीच. आतून नर्सनं हाक दिली, "बाळासोंचं कोण हाय? लवकर या."

त्यांनी बांगड्या आकारामच्या हातात दिल्या. कुंकू तेवढं शेजारच्या रुग्णाच्या बाईकडून घेऊन लावलं आणि दोन्ही हात पदराखाली घेऊन त्या आत गेल्या.

आकाराम दाराच्या काचेशी उभा राहिला. खाटेवर वस्तादांची मान शालूबाईंकडं वळली. चादरीवरचा हात सरकत सरकत खाटेच्या कडेपर्यंत आला आणि चाचपू लागला. शालूबाई वाकून त्यांच्याशी काहीतरी बोलत होत्या, कपाळाला कपाळ लावत होत्या. पण पदराखालचा हात काही त्यांनी बाहेर काढला नाही. वस्तादांचा हात कडेवर बराच वेळ फिरत राहिला, मग थांबला.