भिंतीवरच्या पट्ट्या

गॅस पेटवायचा लायटर मी पहिल्यांदा पाहिला तो कॉलेजात, भौतिकशास्त्राच्या सरांच्या हातात. आमच्या तांड्यावर तेव्हा चुलीच होत्या. सरांनी तो खटकन दाबला आणि म्हणाले, "यात खडा हाय. दाबला की वीज देतो. आता उलटं ऐक. त्यालाच वीज दिली तर तो लांबतो. पर इतका कमी, की डोळ्याला दिसत न्हाई."

"मग लांबला हे कळतं कसं, सर?"

"ते मी बी पाहिलं न्हाई रे. वाचलंय फक्त."

घरात शिकलेला मी पहिला. सरांनीच ओळखपाळख काढून मला पुण्याच्या एका प्रयोगशाळेत लावून दिलं. तिथे काम याच खड्यांचं होतं. आरसा केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाइतका सरकवायचा, आणि सरकवला तिथेच थांबवायचा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्याकडे चिनी मातीसारख्या चकत्यांची उघडी चवड असायची. तिला हजारेक व्होल्ट लागायचे. पुढे कागदासारखे पातळ थर आले, थोड्या व्होल्टांवर काम भागू लागलं. या चवडीला एक खोड होती. व्होल्ट पूर्ववत केले तरी ती मूळ जागी परतायची नाही. मग तिच्यावर नजर ठेवून चूक सुधारणारं मोजमापही आलं. सन दोन हजारनंतर सगळं पोलादी डबीत बंद होऊन येऊ लागलं, दमट हवासुद्धा आत जाणार नाही असं.

तेव्हा जुनी उघडी चवड भंगारात निघाली. मी हातापाया पडून ती कॉलेजासाठी मागून घेतली. सर त्याच महिन्यात निवृत्त होणार होते.

त्यांच्या निरोपाच्या कार्यक्रमाच्या सकाळी मी कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या शहाबादी फरशीच्या ओट्यावर मांडणी केली. लेझरचा किरण दोन वाटांनी फिरवून भिंतीवर एकत्र आणला, की लाल-काळ्या पट्ट्या उमटतात. एका वाटेवरचा आरसा चवडीवर बसवलेला. चवड लांबली, की पट्ट्या सरकणार. चवडीला वीज देणारं बटण दाबायचं तेवढं बाकी होतं.

"सर, पाहून घ्या एकदा."

"आत्ता नको. पोरांसंगं पाहीन. इतकी वर्षं थांबलो, दुपारपर्यंत काय होतंय?"

संस्थेचे अध्यक्ष दुपार कलल्यावर आले. आधी सत्कार, मग भाषणं. शेवटी सगळे प्रयोगशाळेकडे निघाले. पुढे अध्यक्ष, मागे पुढारी, त्यांच्या मागे फोटोग्राफर. ज्यांचा निरोप होता ते सर आणि मी दारातच अडकलो. पोरं व्हरांड्यात.

अध्यक्षांनी हळदकुंकू वाहिलं आणि ओट्याच्या कडेवर नारळ आपटला. भिंतीवरच्या पट्ट्या थरथरल्या. मग ते चवडीवर नारळाचं पाणी शिंपडू लागले.

"साहेब, पाणी नको!" मी दारातून ओरडलो.

"काहून? नव्या ट्रॅक्टरला बी शिंपडतो आमी. तो चालतो ना?"

सगळे हसले. मी माणसं ढकलत पुढे निघालो. "आज चालू करू नका. उघडं हाय ते, वाळवावं लागतं!"

"फोटो तर होऊ दे," असं म्हणत त्यांनी बटण दाबलं.

तड् असा आवाज झाला. जळका वास सुटला. पट्ट्या जागच्या जागी.

"पुण्याचं भंगार आणलंस व्हय रे?" अध्यक्ष म्हणाले. पुन्हा हशा झाला आणि मंडळी जेवायला गेली. भंगार होतंच ते, हे मला जास्त लागलं. डबीबंद चवड असती तर त्या पाण्याने तिचं काहीच बिघडलं नसतं. पण आमच्याकडे येतं ते शहराने टाकून दिल्यावर, आणि आल्यावर पहिला हात लावतात ते ज्यांना त्यातलं काही पाहायचं नसतं.

खोलीत सर एकटेच भिंतीकडे पाहत उभे होते. खांद्यावर सत्काराची शाल तशीच.

"सर, पुण्याला या. तिथं दाखवतो."

"अन् पोरं?" ते म्हणाले. शाल काढून त्यांनी ओट्यावरचं पाणी पुसलं. "पट्ट्या हलल्या म्हणायच्या एकदा. नारळानं का होईना."

ते पुण्याला कधी आले नाहीत. चवड कॉलेजच्या ऑफिसात काचेच्या कपाटात आहे, खाली अध्यक्षांच्या नावाची पाटी. दर खंडेनवमीला तिला कुंकू लागतं.