कल्हईचा प्रस्ताव

मला संशोधन कक्षाची प्रमुख केलं ते मी काही संशोधन केलं होतं म्हणून नव्हे. मी इंग्रजी शिकवते आणि अनुदानाचे अर्ज इंग्रजीत करायचे असतात, एवढाच विचार प्राचार्यांनी केला होता. कक्ष म्हणजे ग्रंथालयाच्या जिन्याखालची खोली. आत एक संगणक, एक प्रिंटर, आणि दारावर खोलीच्या मानाने फारच मोठी पाटी. कोणती संस्था कशासाठी अनुदान देते ते शोधायचं, सूचनाफलकावर लावायचं आणि प्राध्यापकांच्या मागे लागायचं, हे माझं काम. बऱ्याच जणांना अनुदानापेक्षा अर्ज केल्याचा कागद हवा असायचा, बढतीच्या फाइलला लावायला. शेवटच्या दिवशी दुपारी यायचे आणि म्हणायचे, "मॅडम, जरा इंग्रजी बघून द्या ना." मी लाल पेन उघडून बसायचे. तोंडाने बोलता येत नाही ते पेनाने बोलायचे, आणि मला त्यात मजा यायची, हे आता कबूल करते.

रसायनशास्त्राच्या बाई मात्र मुदतीच्या दोन महिने आधी आल्या. निवृत्तीला पाच-सहा वर्षं राहिलेली. सदाशिव पेठेतल्या घरून रोज चालत कॉलेजला यायच्या आणि स्टाफरूममध्ये कुणाच्या अध्यात ना मध्यात. इतक्या वर्षांत त्यांनी एकदाही अनुदान मागितलं नव्हतं. त्यांनी माझ्यापुढे हाताने लिहिलेली चार पानं ठेवली, तीही मराठीत.

"इंग्रजीत लिहिलं की मला काय विचारायचंय तेच माझ्या लक्षात राहत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही करा."

त्यांच्या येण्याजाण्याच्या रस्त्यावर, एका गल्लीत, एका म्हाताऱ्या चाचांचं कल्हईचं दुकान होतं. स्टीलची भांडी आल्यापासून ते धंद्याच्या शेवटाची वाट बघत बसले होते. मधूनच कुणी हौसेने पितळेची पातेली घेऊन यायचं, तेवढंच. कल्हई कशी करतात ते बाईंनी पानभर लिहिलं होतं. भांडं भट्टीवर तापवायचं, त्यात नवसागराची पूड टाकायची, पांढरा धूर उठला की कथील लावून कापसाच्या बोळ्याने फिरवायचं. पण फिरवायचं नेमकं कधी, याचा एकच क्षण असतो. आधी फिरवलं तर कथील धरत नाही, नंतर फिरवलं तर काळं पडतं. चाचांनी बाईंना सांगितलं होतं, "बाई, धुराकडं बघू नका. धूर सगळ्यांना दिसतो. वास घ्या."

नवसागराचा झोंबणारा वास बाईंना माहीतच होता, तो त्या वर्गात शिकवतच होत्या. चाचा म्हणायचे तो हा नव्हे. झोंबणं थांबतं आणि निमिषभर दुसराच एक वास येतो, तो आला की हात चालवायचा. बाई चार-सहा वेळा भट्टीशेजारी बसल्या, त्यांना तो आला नाही. त्यांच्या चार पानांतला प्रश्न एवढाच होता: तो वास कसला? चाचांचं वय सत्तरच्या पुढे, शिकायला कुणी नाही, तेव्हा ते आहेत तोवर हे लिहून ठेवलं पाहिजे. चाचांनीही त्यांना म्हटलं होतं, "आमच्या कामाचं कुणी लिहून ठेवत नाही बाई. तुम्ही ठेवा." आणि बाईंनी हो म्हटलं होतं.

पहिल्या वर्षी मी ते जवळजवळ तसंच इंग्रजीत करून पाठवलं. चार महिन्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं, विषय प्राधान्यक्रमात बसत नाही. मला ते उत्तर माझ्या इंग्रजीवरचा शेरा वाटला. मी इरेला पेटले. दुसऱ्या वर्षी ज्यांना अनुदान मिळालं होतं त्यांची शीर्षकं मी काढून वाचली, त्यांतले शब्द एका कागदावर उतरवले आणि बाईंचा प्रस्ताव नव्याने लिहायला घेतला. कल्हईच्या जागी धातूंवरचे अतिसूक्ष्म थर आले. चाचा गेले आणि 'पारंपरिक स्रोत' आले. त्यांच्या मूळ चार पानांतला वासाचा परिच्छेद मी लाल पेनाने उभा-आडवा खोडला आणि समासात लिहिलं, 'मोजता येईल असं काहीतरी लिहा'. एका महागड्या यंत्राची मागणी घातली, कारण यंत्राशिवायचा प्रस्ताव समितीला गंभीर वाटत नाही, असं मला कुणीतरी सांगितलं होतं.

बाईंनी तो शांतपणे वाचला. "तुमचं इंग्रजी छान आहे," त्या म्हणाल्या. "यात चाचा कुठे आहेत?"

"अहो बाई, एकदा मंजूर होऊ दे. मग कुठे जायचं आणि काय करायचं ते आपल्याच हातात."

हे मी इतक्या खात्रीने म्हणाले की त्यांनी सही केली.

मंजूर झालं. फलकावर अभिनंदन लागलं, प्राचार्यांनी पेढे वाटले, माझाही सत्कार झाला. त्यानंतर कळलं की आपल्या हातात काहीच नसतं. अर्जात जे लिहिलं तेच करायचं. यंत्रासाठी कोटेशनं, ते बसवायला खोली, खोलीला एसी, दर तीन महिन्यांनी प्रगतीचा तक्ता. चाचांच्या भट्टीशेजारी बसणं कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं. बाई जाता-येता त्यांना सांगायच्या, "एवढं यंत्र लागलं की येतेच." ते म्हणायचे, "या की, मी कुठं जातोय?"

यंत्र लागलं आणि दोन महिन्यांत टाळेबंदी आली. चाचांना करोना झाला. ते वाचले. सगळं उघडल्यावर बाई पहिल्यांदा गेल्या त्या त्यांच्याकडे, पिशवीत वही आणि हवेचे नमुने घ्यायच्या बाटल्या घेऊन. चाचांनी भट्टी पेटवली, भांडं तापवलं, नवसागर टाकला, कथील लावलं आणि बोळा हातात धरून थांबले. थांबूनच राहिले. भांडं काळं पडलं. त्यांनी दुसरं घेतलं, तेही पडलं. मग भट्टीवर पाणी टाकलं आणि म्हणाले, "नाकच गेलं बाई." डॉक्टर म्हणाले होते हळूहळू येईल. ते आलंच नाही, आणि वर्षभरात दुकान बंद झालं.

हे बाईंनी मला जिन्याखालच्या खोलीत उभ्याउभ्या सांगितलं. मी म्हटलं, फार वाईट झालं. त्या नुसत्या मान हलवून गेल्या. मला दोष दिला असता तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं. त्यांनी प्रकल्प नीट पूर्ण केला, अहवाल दिला आणि निवृत्त झाल्या. यंत्रावर कापड घातलेलं असतं. मूल्यांकनाला पाहुणे येतात तेव्हा ते काढतात.

गेल्या महिन्यात कुणीतरी बाईंना शोधत कॉलेजात आली; त्या निवृत्त झाल्या म्हणून ऑफिसने तिला माझ्याकडे पाठवलं. चाळिशीची असेल, गळ्यात हडपसरच्या कुठल्याशा कंपनीचं ओळखपत्र. चाचांची मुलगी. म्हणाली, "अब्बूंना ते पुस्तक बघायचंय, केमिस्ट्रीच्या बाईंनी त्यांच्यावर लिहिलेलं. झालंय ना ते?"

मी बाईंना फोन केला. "मी कोणत्या तोंडाने जाऊ?" त्या म्हणाल्या. "तुम्ही लिहिलंय. तुम्हीच जा." हा टोमणा होता.

जाण्याआधी मी संगणकावर अहवाल उघडून त्यात कल्हई शब्द शोधला. एकदाही नाही. मग कपाटातली बाईंची फाइल काढली. पहिली चार पानं तळाशी होती, माझ्या लाल रेघांसकट. मी ती अहवालाच्या छापील प्रतीच्या जाड पुठ्ठ्यात घातली.

चाचा खाटेवर उशीला टेकून बसले होते. अहवाल त्यांनी दोन्ही हातांनी घेतला, त्याचं वजन पाहिलं, सोनेरी अक्षरांवरून बोट फिरवलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. मला परत देत म्हणाले, "वाचा. यात माझं काय लिहिलंय?"

मी अहवाल मधेच उघडला आणि आतली चार पानं मराठीत वाचायला लागले. भट्टी, नवसागर, कापूस. खोडलेल्या ओळी वाचताना रेघांखालची अक्षरं लागत नव्हती, तरी अडखळत वाचल्या. धुराकडे बघायचं नाही, वास घ्यायचा, हेही वाचलं. ते डोळे मिटून ऐकत होते. एकदा म्हणाले, "बरोबर. असंच." मुलगी त्यांच्याकडे बघून हसली. मला शरमेने वर बघवत नव्हतं.

पानं संपली.

"पुढं?" चाचा म्हणाले.

"पुढे काय चाचा?"

"तो वास कसला ते. ते वाचा ना." ते जरा पुढे झुकले. "रोज आठवायला बघतो. मला काही आठवत नाही आता. म्हटलं, बाईंकडं लिहिलेलं असेल."