दोरातली मऊ जागा

सुळक्यावरून परतलो की दोर धुऊन गॅलरीत वाळवायचा आणि मग वीत वीत बोटांतून सरकवत तपासायचा, ही आम्हा डोंगरवेड्यांची सवय. आत पिचलेली जागा डोळ्यांना दिसत नाही, बोटांना मऊ लागते. आज ती लागली. इतक्या वर्षांचे झटके असे आतच साठत जातात. वरचा रंग तसाच राहतो.

तेवढ्यात ग्रुपमधल्या नव्या मुलीचा फोन आला, "काका, थोडा जुना दोर चालेल का?"

"शंका आली की दोर बाद करायचा," मी नेहमीचंच सांगितलं.

बायकोने तो कपडे वाळत घालायला मागितला. दिला. उठताना गुडघ्यात कळ आली. तिथे हात लावून बघायचं मात्र टाळलं. पुढच्या रविवारच्या चढाईच्या यादीत माझं नाव पहिलं आहे.