पेट्रोल कोण पितंय?

“मिस्त्री, गाडी दुरुस्त करायची न्हाई. गाडी ठणठणीत हाय, एवढंच चार माणसांसमोर सांगायचं. बास.”

कुरुंद्याचे बापूराव माझ्या गॅरेजातल्या बाकड्यावर बसून हे बोलत होते. नव्वद सालानंतरची गोष्ट. आखाडा बाळापुरात रोडला लागून माझं गॅरेज होतं. गाडी नीट करा म्हणून गिऱ्हाईक रोज यायचं. गाडी नीट आहे असं म्हणा म्हणून आलेलं हे पहिलंच. ऐकायला चार माणसंबी बापूरावांनी सोबतच आणली होती. ती बिचारी माझ्याच चहाची वाट बघत बसली होती.

बापूराव हळदीचे व्यापारी. त्यांच्या वडलांनी मिलिटरीच्या लिलावात एक पेट्रोलचा ट्रक घेतला होता. सगळं जग डिझेलवर गेलं, बापूराव काही गेले न्हाईत. तो ट्रक दारात आला अन् घरात बरकत आली, अशी त्यांची पक्की समजूत. ट्रक हळद कमी वाहायचा अन् पेट्रोल जास्त प्यायचा. पण लक्ष्मीला कोण बोलणार?

दसऱ्यानंतर हे पिणं लईच वाढलं. बापूरावांनी डोकं चालवलं. लक्ष्मी काही चोरी करणार न्हाई. मग राहिला ड्रायव्हर.

ड्रायव्हर सखाराम राठोड, कुरुंद्याजवळच्या बंजारा तांड्यावरचा. त्याचे आजे-पणजे बैलांवर माल लादून मुलूख पालथा घालायचे, हा ट्रकावर लादायचा. बापूरावांनी त्याला भर बाजारात पेट्रोलचोर म्हणलं. तो घरी पोचायच्या आधी बातमी तांड्यावर पोचली. त्याच्या पोरीची सोयरीक ठरत आली होती. पाहुणे म्हणाले, “जरा थांबू.” आपल्याकडं पाहुणे थांबू म्हणाले की त्याचा अर्थ काय, हे पोरीच्या बापाला सांगावं लागत न्हाई.

सखाराम ट्रकाला टेकून उभा होता. मी त्याला विचारलं, “काय तकलीफ हाय गाडीला?”

“चाचा, चढाला दम न्हाई. रेडिएटरचं पाणी उकळून राहिलंय. सायलेन्सरमधून फटाके फुटून राहिलेत. मालकाला सांगून सांगून थकलो.”

“हे असंच सांगतंय!” बापूराव उसळले. “नांदेडच्या मिस्त्रीनं दसऱ्यालाच ठिणगीचे नवे पॉइंट टाकलेत. टायमिंग निशाणीवर बराबर बांधलंय.”

“मग हे सांगायला त्यालाच आणायचं.”

“इकडं तुमच्या शब्दाला किंमत हाय, करीमभाई.”

कुणी असं कौतुक केलं की मी आधी आपला खिसा चाचपतो. म्हणलं, “बॉनेट उघडा. बघितल्याबगर मी काही बोलत नसतो.”

आता टायमिंग म्हणजे काय, ते सांगतो. पेट्रोलच्या इंजिनात पेट्रोल पेटवायला प्लग ठिणगी टाकतो. पिस्टन वर येत असतो. तो टोकाला पोचायच्या जरा आधी ठिणगी पडली पायजे, म्हणजे स्फोटाचा दणका ऐन वेळेवर बसतो. लेकराला झोका देताना कसं, पाळणा हातातून निघून गेल्यावर ढकलून उपयोग न्हाई. ठिणगी उशिरा पडली की जोर जातो, इंजिन तापतं अन् पेट्रोल फुकट जळतं. लईच आधी पडली तर इंजिन ठकठक वाजतं. ही ठिणगी डिस्ट्रिब्युटर वाटतो. त्याला थोडं फिरवलं की टायमिंग मागं-पुढं होतं.

ते बराबर आहे का बघायला इंजिनच्या पुलीवर एक खाच असते अन् तिच्यासमोर इंजिनला एक काटा. मी टेस्ट लॅम्प लावला अन् हँडलनं इंजिन हळूहळू फिरवलं. पुलीवर पांढरी निशाणी दिसत होती. ती काट्यासमोर आली अन् दिवा पेटला. एका केसाचा फरक न्हाई.

“बघा!” बापूराव बाकड्यावरच्या चौघांकडं वळले. “बघा, बघा!”

सखारामचं तोंड पांढरं पडलं. मला लई वाईट वाटलं. माणूस सच्चा दिसत होता अन् माझाच दिवा त्याच्या विरोधात साक्ष देत होता.

पण मला एक खटकलं. एवढं म्हातारं इंजिन अन् पुली नव्या नवरीसारखी लालभडक.

“मालक, हा रंग कधी दिला?”

“दसऱ्याला. पूजेच्या आधी पेंटर लावून आख्खं इंजिन रंगवलं. पुलीवर पांढरा टिळाबी काढून घेतला. शोभा दिसती.”

मी पहिला प्लग काढला. शेजारी बैलगाडीत कडबा होता, त्यातलं एक धाट ओढलं. ते प्लगच्या भोकातून आत सोडलं अन् हँडल फिरवायला लावलं. पिस्टन वर आला की धाट वर येतं. ते जिथं थांबलं, तिथं पिस्टन टोकाला. त्या वेळी पांढरा टिळा काट्यापर्यंत यायला अजून चांगली दोन बोटं बाकी होती. मी काट्याजवळचा पुलीचा लाल रंग ब्लेडनं खरवडला. खालून खरी खाच निघाली, रंगानं पार बुजलेली.

नांदेडच्या मिस्त्रीनं बापूरावांच्या शोभेवर टायमिंग बांधलं होतं. दसऱ्यापासून ठिणगी उशिरा पडत होती.

मी डिस्ट्रिब्युटर फिरवून खाचेवर टायमिंग बांधलं. गाडी सुरू केली. आवाज एकदम मोकळा झाला. सखाराम पहिल्यांदा हसला. पण रेस दिली की इंजिन अजून जरा अडखळत होतं. तेव्हा मी व्हॅक्यूमकडं वळलो.

सपाट रस्त्यावर, हलक्या पायानं गाडी चालली की ठिणगी आणखी थोडी आधी लागते. त्यानं पेट्रोल वाचतं. हे काम आपोआप होतं. कार्बोरेटरपासून डिस्ट्रिब्युटरच्या डबीला एक बारकी रबरी नळी जाते. इंजिन तिच्यातून हवा ओढतं, डबीतला पडदा खेचला जातो अन् टायमिंग पुढं सरकतं. मी डबीकडून नळी काढली, रेस देऊन तिच्या तोंडावर बोट ठेवलं. ओढ लागली न्हाई. नळीवरून हात फिरवत मागं गेलो, तर पार मागं, अडचणीत, लाल नाडा बांधलेला. सात गाठी. नळी पार चेपून गेलेली.

“अरे देवा! हे कुणी केलं?”

“हात लावू नका!” बापूराव ओरडले. “मंतरून आणलाय. नजर लागू नये म्हणून दसऱ्याला मी सोताच्या हातानं बांधलाय. आख्ख्या इंजिनात हीच एक जागा गाठ मारायला सोयीची होती.”

“नजर न्हाई लागली, मालक. फास लागलाय. हा कापा, मी नवी नळी टाकतो.”

“नाडा कापायचा? येडे झालात का?”

मी ब्लेड सखारामपुढं धरलं. त्यानं हात मागं घेतले. “मी न्हाई कापणार, चाचा. उद्या गाडीला काही झालं तर तेबी माझ्याच नावावर.”

“मग तुमी कापा, करीमभाई,” बाकड्यावरचा एक म्हणाला.

“मी मुसलमान माणूस. दुसऱ्याच्या देवाच्या भानगडीत मी काहून पडू?”

बापूराव बसून राहिले. चहा आला, त्यांच्या कपावर साय धरली. आज वार कोणता, तिथी कोणती, हे विचारून झालं. शेवटी मी म्हणलं, “ठीक हाय. चार माणसं तुमी आणलेलीच हाईत. त्यांना सांगून टाकतो, पेट्रोल कोण पिऊन राहिलंय ते.”

ते उठले. ब्लेड घेतलं, डोळे मिटून हात जोडले अन् नाडा कापला. तुकडे कपाळाला लावून खिशात ठेवले.

मी नवी नळी टाकली. मापानं पेट्रोल भरून कळमनुरीपर्यंत जाऊन आलो. बापूराव केबिनमध्ये माझ्या शेजारीच होते. पाणी उकळलं न्हाई, फटाके फुटले न्हाईत, अन् पेट्रोल दसऱ्याच्या आधी लागायचं तेवढंच लागलं. येताना बापूराव खिडकीबाहेर लई निरखून शेतं बघत होते.

गॅरेजात उतरल्यावर म्हणाले, “सखाराम, सकाळी लवकर ये. माल भरायचाय.”

सखाराम जागचा हलला न्हाई. “मालक, चोर म्हणलात ते भर बाजारात. चोर न्हाई, हेबी तिथंच म्हणा.”

“अरे, झालं गेलं आता.”

“तुमचं झालं, मालक. माझं चालूच हाय.”

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी मुद्दाम कुरुंद्याला गेलो. खरं सांगतो, मला वाटलं न्हवतं बापूराव बोलतील. पण बोलले. चौकात उभं राहून म्हणाले, “गाडीत बिघाड होता. सखाराम राठोडनं थेंबभर पेट्रोल चोरलं न्हाई.” नाड्याचा विषय तेवढा गाळला. तांड्याचा नायक, म्हणजे त्यांच्यातला मुखिया, तिथं होता. त्यानं मान हलवली. सोयरीक पुन्हा जुळली.

सखाराम पुढं झाला, बापूरावांच्या पाया पडला अन् ट्रकाची चावी त्यांच्या हातात ठेवली. म्हणाला, “आता दुसरा ड्रायव्हर बघा, मालक.” वसमतला एकाच्या डिझेल गाडीवर तो लागला.

बापूरावांनी दुसरा ड्रायव्हर बघितला. हा मात्र खरोखरीचा चोर. कुठं गाडी थांबवतो, कुणाला पेट्रोल विकतो, सगळ्या बाळापूरला माहीत. बापूराव दर थोड्या दिवसांनी ट्रक माझ्याकडं आणायला लागले. “मिस्त्री, पेट्रोल वाढलंय. टायमिंग बघा.”

एकदा मी सरळ सांगितलं, “मालक, टायमिंग बराबर हाय. जरा ड्रायव्हरला इचारा.”

“छे, छे!” त्यांनी कानाला हात लावला. “गरीब माणसावर आळ घेऊ नये, करीमभाई. एकदा घेतला अन् पस्तावलो.”

मी बॉनेट उघडायचो, बघायचो, बंद करायचो, मजुरी घ्यायचो. माणूस चुकीतून शिकतो, हे खरंच आहे. बापूराव चांगलेच शिकले. फायदा मात्र चोराचा झाला.