गाडीच्या पोटातली जागा

आमच्या ह्यांनी जुनी मॅटाडोर विकत घेतली तेव्हा मनवेलपाड्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना वाटलं, हे आता भाजी विकणार. खरं सांगायचं तर मलाही ते चाललं असतं. भाजी विकणाऱ्याला निदान कुणी वेडा म्हणत नाही. ह्यांना त्या गाडीत घर करायचं होतं. आत झोपायचं, आत चहा करायचा आणि सुट्टीत कोकणभर हिंडायचं!

हे कारखान्यात फिटर. रविवारी स्वस्थ बसवत नसे. सात-आठ महिन्यांचे रविवार त्या गाडीत गेले. बाक झाला, स्टोव्हसाठी पत्रा मारलेली फळी झाली, माझ्या जुन्या साडीचे पडदे झाले. मागच्या बाजूला मात्र त्यांनी छातीइतक्या उंचीवर पलंग ठोकला. झोपलं की नाक छताला लागायचं बाकी.

"एवढा उंच कशाला?" मी विचारलं.

"खाली सायकली राहणार. एक तुझी, एक माझी. मागचं दार उघडायचं की थेट आत."

त्या जागेला ते गाडीचं पोट म्हणायचे. दोन्ही सायकली उलटसुलट उभ्या करून, एकीचं हँडल दुसरीच्या कॅरिअरशी आणून, त्यांनी खडूनं मापं घेतली होती. "ही जागा रिकामी ठेवायची हं," असं एकदाच म्हणाले. दोनदा बजावायचा त्यांचा स्वभाव नाही, आणि एकदा सांगितलेलं ऐकायचा माझा नाही.

माझी सायकल त्याच वर्षी आली होती. बेचाळिसाव्या वर्षी मी ती शिकले, सकाळी सकाळी बिल्डिंगमागच्या मैदानात, कॅरिअर धरून हे मागे पळत असताना. शाळेत मी मुलांना गणित शिकवायची आणि इथे दोन चाकांवर मला धड बसता येत नव्हतं. पण शिकले. माझं माहेर वसईच्या पश्चिमेला, मिठागरांजवळचं भातशेतीचं गाव. तिथे माझ्या भावाला सायकल होती. मी तिच्यामागे नुसती धावायची. एकदा चढून बसले तर आईनं खाली ओढलं. "पोरीच्या जातीला सायकल कशाला? पडलीस, हात मोडला, तर तुझ्याशी लगीन कोन करनार?" आईवर माझी माया आहे, पण हे वाक्य मी तिला कधी माफ केलं नव्हतं. मला एकदा त्या गावात, आमच्या दारापासून तळ्यापर्यंत, आईच्या डोळ्यांदेखत सायकल चालवायची होती. हे फक्त ह्यांना माहीत होतं. इथून चालवत जाणं माझ्या आवाक्याबाहेरचं. समोर रिक्षा दिसली की माझे पाय आपोआप जमिनीला लागत. म्हणून ठरलं की घरगाडीची पहिली फेरी कोकणात न्यायची नाही. ती माझ्या माहेरी न्यायची, एका रात्रीच्या मुक्कामाला, आणि सायकली पोटात घालून.

आता चूक कशी झाली ते सांगते. आम्ही वन रूम किचनमध्ये सोळा वर्षं काढली होती. तिथे पलंगाखाली बॅगा, बॅगांमध्ये भांडी आणि भांड्यांमध्ये दिवाळीच्या पणत्या. अशा बाईला पलंगाखाली रिकामी जागा दिसणं म्हणजे मांजरीला उघडं दूध दिसणं. पहिल्या दिवशी मी फक्त स्टोव्ह ठेवला. मग स्टोव्ह आहे तर रॉकेलचा डबा नको का? मग दोन गाद्या, बादली, तांब्या, खलबत्ता, लोणच्याची बरणी, पावसाचा नेम नाही म्हणून छत्र्या. शेवटी दहा किलो तांदूळ. भात पिकवणाऱ्यांच्या गावाला मी मनवेलपाड्याहून तांदूळ घेऊन निघाले होते, आणि तेही मोठ्या समाधानानं. एक बोट जाईल एवढीही फट ठेवली नव्हती मी.

निघायच्या सकाळी हे दोन्ही सायकली घेऊन खाली आले. मागचं दार उघडलं. सायकल सोडा, हवा भरायचा पंपही आत जाणार नव्हता.

मी भडकलेच. "अहो, मी भरत होते तेव्हा तोंडाला कुलूप लावलं होतं का?"

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

मग तर मी आणखीच चिडले. वर गॅलऱ्यांमध्ये माणसं जमली होती.

ते हळूच म्हणाले, "असू दे ना. सायकली पुढच्या वेळी नेऊ."

आई त्या वर्षी पंचाहत्तरीला आली होती. गुडघे धरायचे तिचे. पुढची वेळ कुणी बघितली? मी पदर खोचला आणि तांदळाची पिशवी बाहेर ओढली. हे मदतीला आले तर म्हटलं, हात लावू नका, मी भरलंय, मीच काढणार. बरणी, खलबत्ता, गाद्या, एकेक करत सगळं दुसऱ्या मजल्यावर गेलं. शेजारीण म्हणाली, "जाऊन आलात पण?" मी म्हटलं, "हो, फार छान झाली ट्रिप." शेवटी पोट रिकामं झालं. ह्यांनी सायकली उलटसुलट आत सरकवल्या, आणि त्या अशा बसल्या की मला ह्यांचा अभिमान वाटला. तो मी बोलून दाखवला नाही.

माहेरी पोचलो तेव्हा आई ओट्यावर बसली होती. गाडीभोवती एक चक्कर मारून मागे येऊन उभी राहिली. "काय काय आनलंस?"

मी दार उघडलं.

"एवढी मोठी गाडी, नि नुसत्या सायकली? ती बाईची सायकल कोनाची?"

"माझी."

ह्यांनी ती बाहेर काढून रस्त्यावर उभी केली. मला वाटलं, आता तेच वाक्य येणार. मी उत्तरही तयार ठेवलं होतं, चांगलं तीस वर्षं मुरलेलं. आईनं लुगडं सावरलं, सायकलीच्या मागे गेली आणि कॅरिअरवर हात ठेवला.

"बस. भिऊ नको. मी धरते."

ह्यांनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं. मी डोळ्यांनीच त्यांना गप्प केलं. मला सायकल येते हे मी आईला सांगितलं नाही.

मी चढले. इतकी हळू सायकल मी शिकतानाही चालवली नव्हती. वेग वाढवला तर तिचा हात सुटला असता, आणि कमी केला तर मी पडले असते. हँडल डावी-उजवीकडे करत तोल सांभाळत होते. मागून तिची पावलं आणि धाप ऐकू येत होती. माझे डोळे भरून आले होते, रस्ता नीट दिसत नव्हता.

तळ्याच्या वळणावर तिनं विचारलं, "सोडू काय आता?"

"इतक्यात नको," मी म्हटलं.