नियमावलीचे मसुदे

माझे वडील, अप्पा, नोकरीतून निवृत्त झाले आणि तंजावुरातल्या आमच्या मराठी मंडळाचे चिटणीस झाले. आल्या आल्या त्यांनी मंडळाची नियमावली नव्याने लिहायला घेतली, अर्थात तमिळमध्ये, कारण आमच्यातले बहुतेक जण मराठी बोलतात, वाचत नाहीत. समिती पाच जणांची, आणि प्रत्येकाकडे वेगळी फाइल: 'फायनल', 'नवी फायनल', 'खरी फायनल'. एका बैठकीत दोन तास वाद घातल्यावर कळलं की प्रत्येक जण वेगळ्याच कागदावर भांडतोय. एकही शब्द हरवणार नाही अशी सोय कर, असं अप्पांनी मला सांगितलं.

डेटाबेस बांधणं ही माझी नोकरीच. इथे दोन तक्ते पुरले. एकात दस्तऐवजाचं नाव, दुसऱ्यात त्याचा प्रत्येक मसुदा: मजकूर काय, कोणी बदलला, कधी आणि का. जुनी नोंद खोडायची नाही. बदल केला की नवी नोंद. 'कारण' लिहिल्याशिवाय बदल जतन होणार नाही, ही भर माझी. अप्पा भेटेल त्याला ते दाखवत सुटले.

त्यांची धाकटी बहीण, ओरत्तनाडूला दिलेली माझी आत्या, समितीत होती. शाळेत शिकवण्यात तिचा जन्म गेलेला. एका सकाळी ती बसने आली, माझ्या खुर्चीत बसली आणि पहिल्यापासून एकेक मसुदा वाचत गेली. असं कोणी करील हे मला सुचलंच नव्हतं. चौथ्या मसुद्यात लग्न होऊन गेलेल्या मुलींना मताचा हक्क होता. पाचव्यात नव्हता. बदल करणारे: अप्पा. कारण: 'टायपिंगची चूक दुरुस्त केली.'

तिने अप्पांना हाक मारली. "दादा, मी टायपिंगची चूक आहे का?"

अप्पा पुटपुटले की दोघातिघांचा विरोध होता, उगाच वाद नको म्हणून काढलं. ती कॉफी करायला आत गेल्यावर त्यांनी मला हळूच विचारलं, ती एक नोंद पुसता येईल का.

"येईल," मी म्हटलं. "पण कोणी पुसली आणि का, हे लिहावं लागेल."

पुढच्या बैठकीत त्यांनी स्वतःच कलम परत घातलं. कारणाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'बहिणीने विचारलं.' नियमावली मंजूर झाली. लगेच दुसरा ठराव आला, कारण लिहिण्याची सक्ती नको. त्याच्या विरोधात एकच हात वर झाला, आत्याचा.